ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि गव्हाची बोर्बन

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. जुन्या अमेरिकन व्हिस्कीच्या नादी लागलेली माणसं मात्र नेमका हाच उद्योग करत बसलेली असतात. हातात बाटली आली की ती आधी उघडत नाहीत, उलटी करून बघतात. तळाच्या काचेत उमटलेले आकडे वाचतात, बुचावरच्या सरकारी कागदी पट्टीचा रंग तपासतात, मागच्या लेबलावर कोणत्या गावाचं नाव आहे ते भिंगातून पाहतात. ही व्हिस्की नेमकी कोणत्या भट्टीतून निघाली, हा त्यांचा प्रश्न असतो. बाटलीची किंमत शेकड्यात राहणार की हजारात जाणार, हे बऱ्याचदा त्या उत्तरावर ठरतं.

या शोधाशोधीत सर्वाधिक जीव अडकतो तो ‘व्हीटेड बोर्बन’मध्ये, म्हणजे गव्हाच्या बोर्बनमध्ये. आपल्याकडे बोर्बन म्हटलं की चहात बुडवायचं चॉकलेटी बिस्किट आठवतं. अमेरिकेत मात्र ती कायद्याने बांधलेली चीज आहे. धान्याच्या मिश्रणात किमान 51 टक्के मका हवा. मुरवण्यासाठी आतून जाळलेली ओकची कोरी पिंपंच हवीत. पिंपात भरताना मद्याचं प्रमाण 62.5 टक्क्यांच्या वर नको. रंग किंवा स्वाद वरून घालायची सोय नाही. 1964 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बोर्बनला देशाचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं.

मक्याच्या जोडीला थोडा मोड आणलेला सातू असतो आणि तिसरं धान्य सहसा राय. राय झणझणीत. मिरी-लवंगेची आठवण करून देणारा तिखटपणा बोर्बनला तिच्यामुळे येतो. काही मोजक्या घराण्यांनी रायच्या जागी गहू घातला. गहू स्वतः फार बोलत नाही. तो मक्याचा गोडवा आणि पिंपाच्या लाकडातून येणारा व्हॅनिला-कॅरॅमल पुढे येऊ देतो. अशी बोर्बन दीर्घकाळ मुरली तरी कडवट होत नाही, अशी तिची ख्याती आहे. पंधरा, वीस, तेवीस वर्षांच्या ज्या बाटल्यांसाठी लोक रांगा लावतात, त्या बहुतेक या घराण्यातल्या.

नावाची डिस्टिलरी

या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणजे पॅपी व्हॅन विंकल. लेबलावर सिगार पेटवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं छायाचित्र. खाली ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल डिस्टिलरी’ असा रुबाबदार उल्लेख. पण ती डिस्टिलरी बघायला कोणी केंटकीला गेलं, तर त्याला त्या नावाची चालू भट्टी कुठेच सापडणार नाही. ते व्यापारी नाव आहे. आतली व्हिस्की वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी गाळली गेली.

छायाचित्रातला म्हातारा मात्र खरा. ज्युलियन प्रॉक्टर व्हॅन विंकल, जन्म 1874. विशीही गाठली नव्हती तेव्हा, 1893 मध्ये, तो लुइव्हिलच्या डब्ल्यू. एल. वेलर अँड सन्स या पेढीत फिरता विक्रेता म्हणून लागला. 1908 मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी ॲलेक्स फार्न्सली याने ती पेढीच ताब्यात घेतली.

त्या पेढीचा संस्थापक विल्यम लारू वेलर याच्या नावाची बोर्बन आजही ‘मूळ गव्हाची बोर्बन’ म्हणून विकली जाते. गव्हाचा प्रयोग पहिल्यांदा त्यानेच केला, असं जाहिराती सांगतात. अडचण एवढीच की वेलर हा घाऊक व्यापारी होता. दुसऱ्यांची व्हिस्की घ्यायची, तिची मिसळ करायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. मायकेल वीच यांच्यासारखे बोर्बनचे इतिहासकार गव्हाच्या पाककृतीचा माग स्टिट्झेल या दुसऱ्याच कुटुंबाकडे नेतात. हे लोक खरोखर भट्टीवाले. पिंपं एकावर एक न रचता लाकडी मांडणीत आडवी ठेवायची आणि प्रत्येकाभोवती हवा खेळू द्यायची, या पद्धतीचं पेटंट 1879 मध्ये फ्रेडरिक स्टिट्झेल यानेच घेतलं. केंटकीतली गोदामं आजही त्याच धर्तीवर उभी आहेत.

दोन घराण्यांची सोयरीक जुळवली दारूबंदीने. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत मद्य बेकायदा होतं, पण औषध म्हणून चालत होतं. डॉक्टरने चिठ्ठी दिली की रुग्णाला दहा दिवसांत एक पाइंट व्हिस्की मिळे. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात फारसं नवल वाटू नये. 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा आपला परवानाही आरोग्य राखण्याच्या नावानेच दिला जातो. अमेरिकेत अशी औषधी व्हिस्की विकण्याचे परवाने सहाच कंपन्यांना मिळाले. त्यांतली एक ए. पीएच. स्टिट्झेल. व्हॅन विंकलची पेढी तिच्याच आसऱ्याने तगली. बंदीच्या काळातच त्याने मिलवॉकीच्या हर्ब्स्ट नावाच्या व्यापाऱ्याकडून ‘ओल्ड फिट्झजेराल्ड’ हे जुनं नाव विकत घेतलं. बंदी उठली, दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि मे 1935 मध्ये, केंटकी डर्बीच्या दिवशी, लुइव्हिलजवळच्या शाइव्हली इथे स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी सुरू झाली. व्हॅन विंकल तेव्हा 61 वर्षांचा होता. लोक त्याला ‘पॅपी’, म्हणजे दादाजी, म्हणू लागले होते. रसायनतज्ज्ञांना इथे मज्जाव आहे, अशी पाटी त्याने डिस्टिलरीत लावली होती.

एका घराची वाटणी

पॅपी 1965 मध्ये गेला. तोवर अमेरिकेची चव पालटू लागली होती. तरुणांना व्होडका हवी होती, बोर्बन आजोबांचं पेय ठरत होतं. 1972 मध्ये भागधारक नातेवाइकांच्या आग्रहापुढे पॅपीच्या मुलाचं काही चाललं नाही आणि डिस्टिलरी नॉर्टन सायमन या उद्योगसमूहाला विकली गेली. मुलाने एकच गोष्ट हातची सोडली नाही: ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल’ हे बंदीपूर्व काळातलं लेबल. वीस वर्षं झोपलेल्या माणसाच्या गोष्टीवरून ठेवलेलं हे नाव पुढे असं काही फळेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावं.

1981 मध्ये मुलगाही गेला आणि कारभार नातवाकडे, तिसऱ्या ज्युलियनकडे आला. त्याने लॉरेन्सबर्ग गावातला एक बंद कारखाना घेतला. तिथे गाळण होत नव्हतं. इतरांनी गाळलेली, मुरलेली पिंपं विकत घ्यायची आणि बाटल्या भरायच्या, एवढंच काम. मंदीचा काळ असल्याने गोदामांत जुनी पिंपं पडून होती. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं म्हणूनच ती वीस वर्षांची होऊ शकली. केंटकीच्या उन्हाळ्यात पिंपातून दर वर्षी साधारण 3 ते 5 टक्के मद्य हवेत जातं. भट्टीवाले त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. 200 लिटरच्या पिंपातली निम्मी व्हिस्की वीस वर्षांत अशी उडते, कधी त्याहूनही जास्त. शहाणा व्यापारी हा तोटा मुद्दाम पत्करत नाही. 1990 च्या दशकात वीस वर्षांच्या पॅपीला शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने 100 पैकी 99 गुण दिले आणि पडून राहिलेल्या मालाचा खजिना झाला.

इकडे मूळ डिस्टिलरी हातोहात फिरत गिनेसच्या युनायटेड डिस्टिलर्सकडे आली होती. त्यांनी लुइव्हिलमध्ये बर्नहाइम हा नवा कारखाना उभारला आणि 1992 मध्ये स्टिट्झेल-वेलरची भट्टी विझवली. त्या कंपनीतून पुढे डियाजिओ झाली आणि 1999 मध्ये तिने घरातली भांडी वाटावीत तशी नावं वाटून टाकली. वेलर गेलं सॅझरॅककडे, म्हणजे फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीकडे. ओल्ड फिट्झजेराल्ड आणि बर्नहाइम कारखाना घेतला हेवन हिलने. 7 नोव्हेंबर 1996 च्या आगीत त्यांची बार्ड्सटाउनची भट्टी आणि सुमारे 90 हजार पिंपं जळाली होती, त्यांना छप्पर हवंच होतं. रिबेल येल हे तिसरं नाव सेंट लुइसच्या एका कंपनीला मिळालं. शाइव्हलीची गोदामं आणि जमीन तेवढी डियाजिओकडे राहिली. 2002 मध्ये व्हॅन विंकल कुटुंबाने बफेलो ट्रेसशी भागीदारी केली. तेव्हापासून पॅपी तिथेच गाळली जाते, वेलरच्याच धान्यमिश्रणातून.

पंचांग आणि गणित

आता बाटली उलटी करणाऱ्यांचं काम सुरू होतं. सोपी बाटली असेल तर ओल्ड फिट्झजेराल्डची ‘बॉटल्ड इन बाँड’. 1897 च्या कायद्यानुसार अशी व्हिस्की एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखाली किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर 50 टक्के मद्याची असावी लागते. शिवाय भट्टीचा सरकारी क्रमांक लेबलावर छापावाच लागतो. ‘डीएसपी-केवाय-16’ दिसला की ती स्टिट्झेल-वेलरची. क्रमांक 1 असेल तर बर्नहाइमची. नाव एक, अक्षरांचं वळणही तेच, पण भट्ट्या दोन. हिरव्या कागदी पट्टीवर गाळण्याचा आणि भरण्याचा हंगाम नि साल छापलेलं असे. 1980 च्या दशकाच्या मध्यात ही पट्टी सक्तीची राहिली नाही. लेबलावर आरोग्याचा सरकारी इशारा असेल तर बाटली 1989 च्या अखेरीनंतरची. 750 मिलिलिटरऐवजी गॅलनच्या पाचव्या हिश्शाचं माप असेल तर 1980 च्या आधीची.

पॅपीच्या बाबतीत क्रमांक नसतो, तिथे गणित करावं लागतं. लेबलावर लॉरेन्सबर्ग असेल तर भरणी जुनी, फ्रँकफर्ट असेल तर 2002 नंतरच्या भागीदारीतली. लेबलावरचं वय म्हणजे मिसळीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय. समजा, 15 वर्षांची बाटली 2018 मध्ये भरली, तर तिच्यातली सर्वांत तरुण व्हिस्की 2003 च्या सुमाराची, म्हणजे बफेलो ट्रेसच्या काळातली. 20 वर्षांची बाटली 2016 ची असेल तर हिशेब 1996 वर येतो. स्टिट्झेल-वेलर तोवर बंद पडलेली, म्हणून बोट बर्नहाइमकडे वळतं. 23 वर्षांची 2010 ची बाटली मात्र 1987 मध्ये पोहोचते आणि संग्राहकाचे डोळे चमकतात.

या गणितालाही एक पळवाट आहे. मुरलेली व्हिस्की पिंपातून काढून स्टीलच्या टाकीत ठेवली की तिचं वय तिथेच थांबतं. टाकीतली वर्षं लेबलावर मोजत नाहीत. व्हॅन विंकलच्या तेरा वर्षांच्या राय व्हिस्कीच्या बाबतीत असं झालेलं आहे. त्यामुळे भरणीच्या सालातून वय वजा करून मिळणारं उत्तर बरोबर असेलच असं नाही. गाळण त्याहूनही जुनं निघू शकतं.

या सगळ्या गोतावळ्यात एकच घर असं आहे, जिथे नाव, पाककृती आणि भट्टी यांची ताटातूट झाली नाही. 1953 मध्ये बिल सॅम्युएल्स याने लोरेटो गावची एक जुनी डिस्टिलरी घेतली. घराण्याची जुनी व्हिस्की त्याला नको होती. प्रत्येक मिश्रण गाळून, वर्षानुवर्षं मुरवून बघण्याइतका वेळ नव्हता, म्हणून वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून चव पाहिली, अशी आठवण त्या घरात सांगतात. पॅपीनेही त्याला सल्ला दिला. धंद्यातल्या भावी स्पर्धकाला, हे विशेष. 70 टक्के मका, 16 टक्के गहू, 14 टक्के सातू असं मिश्रण ठरलं. बाटलीचं मानेवरून ओघळणारं लाल मेण ही बिलची पत्नी मार्जी हिची कल्पना. 1958 मध्ये बाजारात आलेली ‘मेकर्स मार्क’ आजही लोरेटोतच गाळली जाते. तिच्या बाटलीचं मूळ शोधायला कुणी भिंग घेऊन बसत नाही, आणि लिलावात तिला पॅपीचा भावही येत नाही.

पॅपीचा भाव कुठवर गेला, ते चोरांनी सांगितलं. ऑक्टोबर 2013 मध्ये बफेलो ट्रेसमधून वीस वर्षांच्या पॅपीच्या सुमारे दोनशे बाटल्या नाहीशा झाल्याचं उघड झालं. दीड वर्षाने झालेल्या अटकांत डिस्टिलरीचाच कामगार निघाला. 2023 मध्ये ओरेगॉन राज्याच्या मद्य खात्यातले वरिष्ठ अधिकारी दुर्मीळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढत असल्याचं चौकशीत दिसलं. पेनसिल्व्हेनियात अशा बाटल्यांसाठी सरकारच सोडत काढतं. केंटकीने तर कायदा बदलून 2018 पासून परवानाधारक दुकानांना लोकांच्या घरातल्या जुन्या बाटल्या विकत घ्यायची मुभा दिली. आजोबांच्या कपाटातली ओल्ड फिट्झजेराल्ड आता दुकानात रीतसर येते.

यातला एक धागा गोव्यापर्यंत येतो. कुंकळ्ळीत पॉल जॉन सिंगल माल्ट करणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये सॅझरॅकने, वेलरच्या आणि बफेलो ट्रेसच्या मालकाने, भांडवल गुंतवलं आहे. गोव्याच्या उष्ण हवेत देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षा बराच मोठा. तिथे वीस वर्षं पिंप ठेवलं तर हाती फारसं काही लागायचं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बोर्बनवरचं आयातशुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आणलं, त्यामुळे मेकर्स मार्कचं लाल मेण मुंबईच्या दुकानांत थोडं स्वस्त होऊ शकतं. पॅपीच्या भावात त्याने काही फरक पडणार नाही.

शाइव्हलीला 2014 पासून पुन्हा पर्यटक येतात. डियाजिओ तिथे आपल्या दुसऱ्याच ब्रँडांची ओळख करून देते आणि जुन्या गोदामांत अजून पिंपं मुरत पडलेली असतात. आवारात विटांचं उंच धुराडं उभं आहे. भट्टी विझल्याला तीन दशकं उलटली. धुराड्यावर मोठ्या अक्षरांत, लांबूनही वाचता येईल असं, ‘ओल्ड फिट्झजेराल्ड’ लिहिलेलं आहे. ते नाव हेवन हिलचं आहे, ती व्हिस्की बर्नहाइममध्ये गाळली जाते आणि धुराड्याखालची जमीन डियाजिओची.