स्टेपनी आणि तिचे सोबती



शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तेथून मुरबाडला जाणारा रस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आहेत. मधूनमधून लहान गावे आणि पाडे लागतात. भाताची कापणी झाली, की येथील अनेक शेतकरी भेंडी, काकडी, कारली अशी भाजी लावतात. ही भाजी पहाटे कल्याणच्या बाजारात पोहोचवावी लागते. ती वाहून नेणाऱ्या नव्या टेम्पोंमध्ये कधी कधी एखादी जीपच्या बांध्याची जुनी पिकअप गाडीही दिसते.

समजा, अशाच एका जुन्या गाडीत तुम्ही तुमच्या चाचांबरोबर बसला आहात. पहाटेचे तीन वाजले आहेत. मागे भेंडीचे क्रेट भरले आहेत. एवढ्यात फुस्स असा आवाज होतो आणि गाडी एका बाजूला कलते. चाक पंक्चर झाले! चाचा म्हणतात, "घाबरू नकोस, आपल्याकडे स्टेपनी आहे." ते आसन उचलून खाली पाहतात. तेथे ना जॅक आहे, ना पाना. गेल्या महिन्यात कोणीतरी ते मागून नेले आणि परत आणून दिलेच नाही. आता मदत मिळेपर्यंत वाट पाहायची. तोवर बाजारातील लिलाव होऊन जाईल आणि ताजी भेंडी शिळी होईल. चांगली स्टेपनी जवळ असूनही तिचा काही उपयोग नाही. सोबतीची हत्यारे नसतील, तर जादा चाक म्हणजे नुसते ओझे!

‘स्टेपनी’ हा शब्द आपण रोज ऐकतो. तो कोठून आला, हे ठाऊक आहे का? १९०४ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, लानेली या गावी, थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले. त्यांचा कारखाना ‘स्टेपनी स्ट्रीट’ या रस्त्यावर होता. त्या रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. पुढे हे चाक मागे पडले, पण आपल्या देशात जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतात.

आता चाचांना नवी हत्यारे घ्यायची आहेत. पण दुकानात जाऊन "एक जॅक द्या, एक पाना द्या" एवढे म्हणून भागत नाही. गाडी जुनी आहे. तिची मापे आणि रीत आजच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहे. म्हणून आधी गाडीची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्याकडील जीपची गोष्ट स्वातंत्र्याच्या काळात सुरू होते. १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. १९४७ साली कंपनीने अमेरिकेच्या ‘विलीज’ जीपची जुळणी भारतात सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. विलीजच्या घडणीच्या जीप आणि पिकअप गाड्या पुढे अनेक वर्षे आपल्या खेड्यापाड्यांतून धावत राहिल्या. अशा गाड्यांचे पुष्कळ भाग अमेरिकी रीतीने, म्हणजे इंचांच्या मापाने बनवलेले असत. आपल्या कामाला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

चाक बदलण्यासाठी मुख्यतः तीन वस्तू लागतात. चाकाचे नट फिरवण्यासाठी पाना, गाडी उचलण्यासाठी जॅक आणि जॅकचा दांडा. या दांड्याला गॅरेजमध्ये ‘टॉमी’ म्हणतात. ‘पाना’, ‘पेच’ आणि ‘कारागीर’ हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. गॅरेजची भाषा अशी आपणा सर्वांची असते.

प्रथम पान्याकडे पाहू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पाऊण इंचाचा नट असेल, तर त्याचे माप १९.०५ मिलिमीटर होते. म्हणून १९ मिलिमीटरचा पाना त्याला जवळजवळ बरोबर बसतो. पण इंचाचे तेरा-सोळांश एवढा नट असेल, तर त्याचे माप सुमारे २०.६४ मिलिमीटर भरते. त्याला २१ मिलिमीटरचा पाना लावला, तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जागा मोकळी राहते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडते? चाकाचे नट फार घट्ट असतात. सैल पान्यावर जोर दिला, की पाना घसरतो. नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. मग योग्य पानाही त्याला धरू शकत नाही. म्हणून पाना घ्यायला जाताना गाडीचा एक नट नमुना म्हणून सोबत न्यावा आणि दुकानातच पाना लावून पाहावा. तो नट परत बसवीपर्यंत गाडी मात्र मुळीच चालवू नये.

जुन्या जीपची आणखी एक गंमत आहे. विलीजच्या घडणीच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून ही योजना केलेली असे. उजव्या बाजूचे नट नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटतात. डाव्या बाजूचे नट मात्र काट्यांच्या दिशेने फिरवावे लागतात. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस जोर लावत राहतो आणि नट अधिकच आवळतो. शेवटी बोल्ट तुटतो! अशा बोल्टवर पुष्कळदा इंग्रजी ‘एल’ अक्षर असते. म्हणून आधी पाहा, मग पाना फिरवा.

आता जॅक. जुन्या गाड्यांबरोबर बहुधा स्क्रू जॅक मिळे. दांडा फिरवला, की त्याचा पेच आट्याआट्याने वर सरकतो. हात पुष्कळ फिरतो आणि गाडी थोडीशीच उचलली जाते. म्हणून एकटा माणूसही एवढे वजन उचलू शकतो. दुसरा तेलाच्या दाबाचा जॅक. तो बाटलीसारखा दिसतो. द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी सतराव्या शतकात सांगितला. या जॅकमध्ये एक लहान आणि एक मोठा दट्ट्या असतो. मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या दहापट असेल, तर जोरही दहापट मिळतो. मात्र जुन्या तेलाच्या जॅकचे रबर सुकते, तेल गळते आणि उचललेली गाडी हळूहळू खाली बसते. म्हणून जुना जॅक घेताना तो वजनाखाली लावून पाहावा.

जॅकवर लिहिलेली क्षमता सर्वजण पाहतात. अशा पिकअपला दोन टनांचा जॅक साधारणपणे पुरतो. पण उंचीकडे फारसे कोणी पाहत नाही. चाकातील हवा गेली, की गाडीचा आस खाली येतो. समजा, तो जमिनीपासून २० सेंटीमीटरवर आला आणि जॅकची मिटलेली उंची २२ सेंटीमीटर आहे. मग जॅक आत शिरणारच नाही! याच्या उलट, स्टेपनीत पूर्ण हवा असते. ती बसवण्यासाठी आस आणखी वर उचलावा लागतो. म्हणून दोन्ही उंची मोजून, कागदावर लिहून, मगच जॅक घ्यावा.

ही हत्यारे मिळतात कोठे? मुंबईत कुर्ल्याला गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. चोरबाजारातही जुने भाग मिळतात. टॉमी हरवली असेल, तर गावचा लोहारही जाड सळईपासून ती बनवून देऊ शकेल. पण तडा गेलेला जॅक वेल्डिंगने जोडून वापरू नये. दांडा मोडला तर वेळ जातो. जॅक मोडला तर जीव जातो.

हत्यारे जमली, तरी काम क्रमाने केले पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. पावसाळ्यात आपल्याकडची माती मऊ होते आणि जॅक तिच्यात रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. जॅक चाकाजवळ, आसाखाली लावावा. गाडी उचलली, की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवावी. जॅक निसटलाच, तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. चाक काढले, की ते तिच्या जागी ठेवून स्टेपनी बसवावी. नट समोरासमोरचे आवळावेत. गाडी खाली घेतल्यावर ते पुन्हा घट्ट करावेत आणि काही किलोमीटर गेल्यावर एकदा तपासावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मोठ्या माणसांशिवाय हे काम तुम्ही करू नका.

मित्रांनो, जॅक आणि पाना वर्षभर आसनाखाली पडून असतात. त्यांची कोणाला आठवणही होत नाही. पण ज्या रात्री त्यांची गरज लागते, त्या रात्री दुकान उघडे नसते. तुमच्या घरी किंवा शेजारी गाडी असेल, तर आजच विचारा : जॅक कोठे आहे? पाना नटाला बसतो का? स्टेपनीत हवा आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे दिवसाउजेडी, घराच्या अंगणातच मिळालेली बरी.