मुद्दाम संथ : गोल्डन ग्लोब शर्यत

गोल्डन ग्लोब ही शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता आणि बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत. 1967 मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर फक्त सिडनीला थांबून एकट्याने जगाला वळसा घालून आले, तेव्हा विनाथांबा जाणे तेवढे बाकी राहिले. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने लगेच 1968 साठी बक्षिसे लावली : पहिल्या परतणाऱ्याला 'गोल्डन ग्लोब' चषक, सर्वांत कमी दिवस घेणाऱ्याला 5,000 पौंड. 1 जून ते 31 ऑक्टोबर यांदरम्यान ज्याने त्याने आपापल्या सोयीने निघायचे. नऊ जण निघाले. शर्यत एकानेच पुरी केली.

ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची 32 फुटी 'सुहेली' मुंबईत सागवानात बांधलेली, दणकट पण मंद. 14 जून 1968 ला फालमथ सोडल्यावर अटलांटिकमध्येच तिच्या तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरले आणि श्वास रोखून फळ्यांच्या फटीत कापूस ठासू लागले. वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. गोरे अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद कपडे चढवले होते, तरी एक शार्क आलाच. त्याला गोळी घालावी लागली. पुढे ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र निकामी झाले, तेव्हा शिडांचा तोल साधत नौका सरळ ठेवली. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, ते फालमथला परतले.

बाकीच्यांत बर्नार्ड मॉइतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे वळले. तसे कळवणारी चिठ्ठी त्यांनी बेचकीने एका जहाजावर भिरकावली. डोनाल्ड क्राऊहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळत खोटी ठिकाणे कळवत राहिले. ते आपल्याला गाठणार या धास्तीने नायजेल टेटली यांनी आधीच खिळखिळी झालेली नौका ताणली आणि ती बुडाली. जुलै 1969 मध्ये क्राऊहर्स्ट यांची नौका रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी 5,000 पौंड क्राऊहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

विनाथांबा एकल शर्यत 1989 मध्ये फ्रान्सच्या 'वेंदे ग्लोब'ने पुन्हा सुरू केली. ती 60 फुटी, अतिवेगवान नौकांची. 2024-25 ची शार्ली दालँ यांनी 65 दिवसांच्या आत जिंकली. डॉन मॅकिंटायर यांनी 2018 मध्ये गोल्डन ग्लोब पुन्हा उभी केली ती नेमकी याच्या उलट धर्तीवर. नौका 32 ते 36 फूट, आराखडा 1988 पूर्वीचा, तळाचा कणा म्हणजे कील पूर्ण लांबीचा. जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त आणीबाणीसाठी. वाट शोधायची ती सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर.

या एका अटीने दिवसाचा सारा क्रम बदलतो. मध्यान्हीला सेक्स्टंटने सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की अक्षांश मिळतो. रेखांशासाठी वेळ बिनचूक लागते : घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तावर नौकेचे ठिकाण एक सागरी मैल सरकते. शिवाय डुलत्या नौकेवर एका हाताने स्वतःला सावरत हे मोजायचे. दक्षिणेकडच्या महासागरात दिवसच्या दिवस आभाळ झाकलेले असते. तेव्हा वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरच अंदाज बांधावा लागतो.

भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 मध्ये 'थुरिया'तून शर्यतीत उतरले. 'सुहेली'ची ही प्रतिकृती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली होती. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये मुंबईहून निघून, चार थांबे घेत, ज्या 'म्हादेई'तून प्रदक्षिणा केली तीही याच कारखान्याची. 21 सप्टेंबर 2018 ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलले. पाचच जणांनी शर्यत पुरी केली. जिंकले 73 वर्षांचे झाँ-ल्यूक व्हान डेन हीड.

2022 ला सोळा जण निघाले. टॉमी पुन्हा त्यांत होते, या वेळी 'बायानात'मधून. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी हिंदी महासागरात वाट वाकडी करून, नौका बुडालेल्या तापिओ लेहतिनेन यांना वाचवले आणि तरीही पहिल्या आल्या. एकट्याने जगाला वळसा घालण्याची शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. टॉमी दुसरे आले. मिखाएल गुगेनबर्गर तिसरे. त्यांच्यामागे विनाथांबा जाणाऱ्यांत कोणी उरले नव्हते.