जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी खतावणी फाडून टाकत नाही; चुकलेली नोंद शोधली जाते. माळ्यावर धूळ खात पडलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण सहसा विसरतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या प्रारंभी २८६ व ३८६ जातीचे संगणक दुकानांत, कचेऱ्यांत आले. ही यंत्रे बंद पडतात ती पुष्कळदा एखाद्या अल्पमोली भागामुळे.

अशांपैकी एक म्हणजे मदरबोर्डवर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि हार्ड डिस्कच्या नोंदी स्मरणात ठेवणे, हे तिचे काम. ती संपली की यंत्र डिस्क ओळखत नाही आणि मालकाला वाटते, सारे हिशेब बुडाले. वास्तविक डिस्क शाबूत असू शकते. सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे पुन्हा भरले की ती सापडण्याचा संभव असतो.

या बॅटरीतून कालांतराने क्षारीय द्रव पाझरतो आणि बोर्डावरील तांब्याच्या रेषा कुरतडतो. यंत्र न वापरताही ही हानी चालूच राहते. म्हणून वीज न जोडता प्रथम बॅटरी कापून काढावी, डागावर थोडे व्हिनेगर लावून क्षार शमवावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी. तुटलेल्या रेषा बारीक तारेने सांधता येतात.

त्यानंतर वीजपुरवठा तपासावा. १९८२ साली अमेरिकेत आलेल्या कमोडोर ६४ या संगणकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या अडॅप्टरमधील रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टचा पुरवठा वाढतो आणि मेमरी चिप जळतात. जाणकार म्हणूनच आधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजतात, मगच यंत्र जोडतात. फुगलेले वा गळणारे कपॅसिटर बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तितके किंवा अधिक आणि धन-ऋण टोके योग्य असावीत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वीजपुरवठ्याच्या पेटीतील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. ती पेटी अनुभवी तंत्रज्ञाकडेच सोपवावी.

यंत्र सुरू झाल्यास प्रथम डिस्कवरील हिशेबांची प्रत काढून घ्यावी. जुनी डिस्क पुन्हा चालेलच, याची हमी नसते. यंत्र विकायचे की ठेवायचे, हा विचार त्यानंतर.