बाळाचं वजन झालं. आईला कोण विचारतंय?

तमिळनाडूत बाईला दिवस गेले की तिची नोंद 'पिक्मी' नावाच्या सरकारी संगणक-प्रणालीत होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. बाळंतपण सरकारी इस्पितळात होवो की खासगी, हा क्रमांक लागतोच. बाळाच्या जन्मदाखल्यासाठीही तो विचारतात. याच नोंदीच्या आधारे गरीब घरातल्या बाईला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या प्रसूती योजनेतून १८ हजार रुपयांची मदत हप्त्याहप्त्याने मिळते. त्यातले चार हजार पोषक आहाराच्या संचांच्या रूपात असतात. तिचं वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, सोनोग्राफी हे सगळं तारीखवार लिहिलं जातं. चेन्नईतल्या एग्मोरचं सरकारी प्रसूती रुग्णालय १८४४ सालचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या राज्यातली ९९.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. आई आणि बाळ जगावं यासाठी देशात इतकी निगुतीने उभी केलेली यंत्रणा फार थोड्या ठिकाणी सापडेल.

अशा राज्याच्या राजधानीत एप्रिल २०२४ मध्ये एक तान्हं बाळ इमारतीच्या वरच्या मजल्यावरून निसटून खालच्या छज्ज्यावर अडकलं. शेजाऱ्यांनी खाली चादर धरली, काही जण खिडकीतून बाहेर पडून छज्ज्याकडे सरकले आणि बाळ वाचलं. हे दृश्य देशभर मोबाइलवर फिरलं. शेजाऱ्यांचं कौतुक झालं आणि आईवर शिव्याशापांचा भडिमार. 'मूल सांभाळता येत नाही तर जन्माला कशाला घातलं' या वळणाचं बोलणं दिवसेंदिवस चाललं. काही आठवड्यांत त्या आईने माहेरी जीव दिला. ती नैराश्यात होती, असं नंतर बातम्यांत आलं. तिला नेमका कोणता आजार होता हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये, आणि आत्महत्येला एकच एक कारण कधीच नसतं. पण त्या मृत्यूनंतर एक प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. प्रत्येक बाळंतिणीच्या मनाची तपासणी सरकारने का करू नये? आणि आजार निघालाच, तर औषधही सरकारने का देऊ नये?

प्रश्न सरळ दिसतो, पण जगभर त्यावर वाद आहे. तो समजून घ्यायचा तर आधी आजार समजून घ्यायला हवा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं, मन भरून येणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला आजार म्हणत नाहीत. दुसऱ्या टोकाला प्रसूतीनंतरची मनोविकृती असते. हजारात एखाद-दुसऱ्या बाईला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, झोप उडते, भास होतात, बाळाबद्दल भलत्याच समजुती बसतात. ती आणीबाणी आहे, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. या दोन्हींच्या मध्ये येतं ते प्रसूतीनंतरचं नैराश्य. ते दोन आठवड्यांनी ओसरत नाही, महिनोन् महिने राहतं. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून अपराधी वाटतं. घरातले म्हणतात, 'पहिलटकरीण आहे, होईल सवय.'

हे शहरी, शिकलेल्या बायकांचं खूळ असल्याचा समज अजून जात नाही. तो खोडून काढणारा पुरावा चेन्नईपासून जवळच तयार झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३५९ गरोदर बायकांची शेवटच्या तिमाहीत नोंद केली आणि बाळंतपणानंतर पुन्हा त्यांची भेट घेतली. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ११ टक्के बायकांना नव्याने नैराश्य आलं होतं. कारणं वाचताना आपलीच गल्ली डोळ्यांपुढे येते: कमी उत्पन्न, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी किंवा स्वतःच्या आईवडिलांशी बिनसलेलं नातं, गरोदरपणात ओढवलेला एखादा आघात, आणि मदतीला हाताशी कुणी नसणं. त्याच वर्षी गोव्यातला अभ्यास आला. म्हापशाच्या सरकारी इस्पितळात बाळंत झालेल्या बायकांना सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं तेव्हा २३ टक्के नैराश्यात होत्या. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. २०१७ मध्ये देशभरातले ३८ अभ्यास, म्हणजे वीस हजारांहून अधिक बायका, एकत्र मोजल्यावर प्रमाण निघालं २२ टक्के.

तमिळ घरांत सातव्या-नवव्या महिन्यात वळैकाप्पू होतो, गर्भवतीचे हात काचेच्या बांगड्यांनी भरतात आणि ती माहेरी जाते. तिथे पथ्याचं जेवण, प्रसूतीनंतरचं लेह्य, तेलाने मालिश. आपल्याकडचा सव्वा महिना, शेकशेगडी, डिंकाचे लाडू यांहून हे वेगळं नाही. या रिवाजात खरा आधार आहे. बाईला विश्रांती मिळते, रात्री बाळाला घ्यायला दुसरे हात मिळतात. पण वेल्लोर-म्हापशाचे आकडे अशाच समाजातले आहेत, हे विसरून चालणार नाही. माहेर असलं म्हणजे मन सांभाळलं जातंच असं नाही. मुलगी झाली म्हणून सासरहून कुणी फिरकलंच नाही, तर लाडूंनी काय होणार? आणि आता चेन्नईच्या आयटी पट्ट्यात पुण्या-नागपूरहून आलेली कितीतरी जोडपी राहतात. तिथे माहेर म्हणजे सहा आठवडे येऊन परत जाणारी आई, आणि ती गेल्यावर दोन खोल्यांत दिवसभर एकटी उरलेली बाळंतीण.

तपासणी म्हणजे रक्त किंवा स्कॅन नव्हे. एडिंबरा प्रश्नावली नावाचे दहा प्रश्न असतात, १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेले. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसताना भीती वाटली का, दुःखामुळे झोप लागली नाही का, असे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. गुण शून्य ते तीस. वेल्लोरच्या संशोधकांनी २००५ मध्ये ही प्रश्नावली तमिळमध्ये आणून तिथल्या बायकांवर पारखून घेतली. पाच-सात मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ नाहीच.

मग विरोध कशाला? एक उदाहरण धरू. समजा शंभर बाळंतिणींत पंधरा खरोखर आजारी आहेत, आणि प्रश्नावली आजारी बायकांपैकी ८० टक्के पकडते, निरोगी बायकांपैकीही ८० टक्क्यांना बरोबर वगळते. तरीही पकडल्या जातील १२ आजारी आणि १७ निरोगी. म्हणजे ज्यांच्या नावापुढे खूण झाली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांना तो आजार नाही. गुण बघून कुणी थेट गोळी लिहून दिली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. गुण म्हणजे निदान नव्हे. त्यानंतर माणसाने माणसाशी बसून बोलावंच लागतं.

अमेरिकेत या वादाला राजकीय धार आली. शिकागोच्या मेलनी ब्लॉकर स्टोक्स यांनी २००१ मध्ये मुलीच्या जन्मानंतर काही महिन्यांतच जीव दिला. बाळंतिणींच्या मानसिक आजारांबाबतचा त्यांच्या नावाचा कायदा व्हायला २०१० उजाडलं. मधल्या काळात विरोधक म्हणत राहिले की ही तपासणी म्हणजे औषध कंपन्यांना गिऱ्हाईक पुरवण्याची सोय आहे. न्यू जर्सी राज्याने २००६ मध्येच तपासणी सक्तीची केली होती. नंतर संशोधकांनी सरकारी विम्यातल्या गरीब बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सक्तीमुळे उपचार सुरू होण्याच्या प्रमाणात फरक पडलेला दिसला नाही. फॉर्म भरले गेले आणि पुढचा रस्ता होता तसाच राहिला. कॅनडाच्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये तर सरसकट प्रश्नावली वापरू नका असंच सांगितलं. डॉक्टरने नेहमीच्या भेटीत आईच्या मनाची चौकशी करावी, तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

कॅनडाचा सल्ला चेन्नईला किंवा नाशिकला उचलून लावता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. तो सल्ला गृहीत धरतो की डॉक्टरकडे चौकशी करायला वेळ आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात बाईच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, तीही बाळासाठी. जिथे आपणहून कुणी विचारत नाही, तिथे विचारण्याचा नियमच करावा लागतो. मात्र न्यू जर्सीचा धडा आपल्याला पुरेपूर लागू आहे. विचारून झाल्यावर तिला पाठवायचं कुठे, हे आधी ठरलं पाहिजे.

औषधांबद्दल दोन्ही बाजूंनी फार टोकाचं बोललं जातं. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोन या गोळीला मान्यता मिळाली. खास या आजारासाठीची, चौदा दिवस घ्यायची, आणि बाजारात आली तेव्हा तिथे एका कोर्सची किंमत १५,९०० डॉलर. तिच्या बातम्या आपल्याकडेही गाजल्या. पण चेन्नईतल्या सरकारी इस्पितळात येणाऱ्या बाईला तिची वाट पाहण्याची गरज नाही. सर्ट्रालीनसारखी जुनी, स्वस्त गोळी दुधातून बाळापर्यंत अगदी अल्प प्रमाणात पोचते, आणि स्तनपान चालू असताना डॉक्टर ती पहिल्या पसंतीने देतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागते आणि मनाने बंद करायची नसते. प्रत्यक्षात गोळी बंद होते ती घरातल्या एका वाक्याने: 'दूध बिघडेल.' या एका गैरसमजामुळे कितीतरी बायका अर्ध्यावर उपचार सोडतात. उलट बाजूने, गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड आणि रक्त तपासलंच पाहिजे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी अशीच मरगळ येते, आणि तमिळनाडूत ५३ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. दमलेल्या, रक्त नसलेल्या बाईला मनाची गोळी देणं हा उपचार नव्हे.

सौम्य आणि मध्यम नैराश्यात पहिला उपचार बोलण्याचा असावा, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावच्याच आरोग्य सेविकांना समुपदेशन शिकवलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ५३ टक्के. गोव्यात संगात या संस्थेने गावातल्या सामान्य बायकांकडूनच हे काम करून पाहिलं. तिथे फायदा रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण दिसला. झारखंड-ओडिशात एकजूट संस्थेचे महिला गट नवजात बाळांचे मृत्यू कमी व्हावेत म्हणून सुरू झाले होते. तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम नैराश्यही निम्म्याहून खाली आलं. बायका एकत्र बसून बोलल्या, हेच त्यातलं औषध.

चेन्नईकडे यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. घरोघरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिका आहेत. २०२१ पासून 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' योजनेत रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या थेट घरी पोचतात. किलपॉकची मानसिक आरोग्य संस्था आहे, जिचा इतिहास १७९४ पर्यंत मागे जातो. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली 'स्नेहा' ही आत्महत्या रोखण्यासाठी झटणारी संस्था आहे. शेजारच्या केरळात 'अम्मा मनस्सू' हा मातांच्या मनासाठीचा सरकारी कार्यक्रम चालतो. हे धागे एकमेकांना बांधायचं काम तेवढं बाकी आहे, आणि ते सरकारचंच आहे.

बांधायचे कुठे, तेही उघड आहे. दीड महिन्याच्या लसीला आई बाळाला घेऊन येतेच. बाळाचं वजन होतं, सुई टोचली जाते, ताप आला तर काय द्यायचं ते सांगतात आणि दोघं घरी जातात. त्याच वेळी आईला पाच मिनिटं बाजूला घेऊन हे दहा प्रश्न विचारावेत. बाजूला घेऊनच, कारण सासू शेजारी असली की प्रत्येक प्रश्नाला 'नल्ला इरुक्केन', मी बरी आहे, एवढंच उत्तर येतं. गरोदरपणातही एकदा विचारावं, कारण म्हापशाचा अभ्यास सांगतो की आजार अनेकदा तिथेच सुरू होतो. दहाव्या प्रश्नाला होकार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरने बघावं. आणि योजनेचं यश किती प्रश्नावल्या भरल्या यावरून ठरू नये, किती बायका सहा महिन्यांनी बऱ्या झाल्या यावरून ठरावं.

मोजण्याचा आणखी एक दोष आहे. मातामृत्यूच्या सरकारी व्याख्येत प्रसूतीनंतर फक्त ४२ दिवस धरतात आणि अपघाती मृत्यू वगळतात. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या आत्महत्या थेट मातामृत्यूत धरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच सुचवलं होतं. ब्रिटनमध्ये सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या थेट मातामृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आत्महत्या आहे. आपण त्या काळात पाहतच नाही.

महाराष्ट्रातही हीच फट आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. तिच्याकडच्या सर्वेक्षण-अर्जात मनाविषयीचे दोन प्रश्नही आहेत, पण तो अर्ज तीस वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक बाळंतिणी त्याहून लहान असतात. वयाची अट काढून हे प्रश्न त्या सहा भेटींत घालायला नवा कायदा लागत नाही, एक आदेश पुरतो. कायद्याची साथही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आईला इस्पितळात दाखल करावं लागलं तर तीन वर्षांखालच्या बाळाची तिच्यापासून सहसा ताटातूट करता येत नाही.

आदेश निघेल तेव्हा निघेल. तोवर घरात बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी तिला विचारावं की रात्री झोप लागते का, आणि उत्तर ऐकायला थांबावं. दोन आठवडे उलटूनही ती सावरत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.