शंभरी गाठा, पण भरू नका!

दीर्घायुष्य वाटण्यात मराठीचा हात कुणी धरणार नाही! बाळ शिंकलं की ‘शतंजीव!’ ज्याचा विषय निघाला तोच दारात हजर झाला, की ‘शंभर वर्षं आयुष्य आहे रे तुला!’ ना मेडिकल टेस्ट, ना प्रीमियम!

पण माहीत आहे का, शंभरीशी जरा जपूनच वागावं लागतं! पणजीने ‘शंभरी गाठली’ तर पेढे वाटा. कुणाची ‘शंभरी भरली’ म्हणाल, तर मात्र त्याचा खेळ खल्लास! ही दुसरी शंभरी शिशुपालाची. श्रीकृष्णाने त्याचे शंभर अपराध पोटात घातले आणि मग सुदर्शन चक्र सुटलं.

शंभरी गाठणारा सुपरस्टार हवाय? महर्षी धोंडो केशव कर्वे! जन्म १८५८चा. १९५८ साली भारतरत्न, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर टपाल तिकीट, तेही ते हयात असताना! पुढे १०४ वर्षांचं आयुष्य लाभलं. याला म्हणतात शतायुषी!

आता लग्नपत्रिका काढा. मुलाच्या नावाआधी नुसतं ‘चि.’, मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. तिलाही उदंड आयुष्य आणि नवऱ्यालाही. एकदम टू-इन-वन!

ओरिजिनल चिरंजीव मात्र सातच: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य, परशुराम. त्यातल्या अश्वत्थाम्याला चिरंजीवपण शाप म्हणून मिळालं. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत हिंडतो, अशी तिथली श्रद्धा. अंगावर काटा आला ना?

म्हणूनच ‘अजरामर’ हा शब्द हुशार! नुसतं अमर नाही, अजरसुद्धा. म्हणजे म्हातारपणही नको. ग्रीक पुराणकथेतल्या टिथोनसच्या प्रेयसीने, उषादेवी इऑसने, त्याच्यासाठी अमरत्व मागितलं आणि तारुण्य मागायचं विसरली. बिचारा झिजत झिजत चक्क किडा झाला! मराठीत मागितलं असतं तर ‘अजर’चं कलम आधीच जोडलेलं होतं.

क्विक राउंड! ‘टाकाऊ’ आणि ‘टिकाऊ’ यांत फरक किती? काना काढा, वेलांटी द्या, वस्तू भंगारातून थेट शोकेसमध्ये!

‘चिवट’ तर अस्सल दुतोंडी. बॅट्समनची खेळी चिवट, टाळ्या! पोळी चिवट, ताट बाजूला!

आणि ‘औट घटकेचं राज्य’ नेमकं किती टिकतं, माहीत आहे का? औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची. हिशेब ८४ मिनिटांचा! फुटबॉलची मॅचही संपायची नाही.

जाता जाता चांदण्यातलं गणित. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि जवळपास १० महिने. हेच ते सहस्रचंद्रदर्शन! घरात कुणी ऐंशी ओलांडली असेल, तर आत्ताच कॅलेंडर काढा आणि हॉल बुक करा!