बी हरवलेल्या फळाची वंशावळ

जून लागला की रावेर-यावल पट्ट्यात मृगबागेची लगबग सुरू होते. ठिबकच्या नळ्या अंथरल्या जातात, टिश्यू कल्चरची रोपे ट्रॉलीतून बांधावर उतरतात. त्यांतली बहुतेक ‘जी-नाईन’, म्हणजे ग्रँड नैन. एकाच सुमारास निसवण, सारखे घड, निर्यातीच्या खोक्यात नेमक्या बसणाऱ्या फण्या. या सारखेपणावर जळगाव जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र जनुकांच्या हिशेबात शिवारातली ही लाखो झाडे म्हणजे एकाच झाडाच्या प्रती आहेत. एकाला जे मारते, ते सगळ्यांना मारू शकते.

रानटी केळीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ११ जोड्या असतात. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या कॅव्हेंडिश कुळातल्या, आणि त्यांच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती, एकूण ३३. बीज तयार होताना जोड्या फोडून निम्मे वाटप व्हावे लागते. तिनाचे तसे वाटप जमत नाही आणि बी धरत नाही. त्यातच परागीभवनाशिवाय गर भरण्याचा गुण माणसाने हजारो वर्षे निवडून जपला. पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळी-लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून गोड, बिनबियांचे झाड दिसले की त्याचा मुनवा काढायचा आणि दुसरीकडे लावायचा, हीच रीत. त्यामुळे कंदाबरोबर गुण जसेच्या तसे पुढे जातात आणि रोगाला बळी पडण्याचा दोषही.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका-युरोपच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या एकाच वाणाचे राज्य होते. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदवते आणि हिरवे झाड उभ्या उभ्या वाळते. पनामा मर म्हणतात तो हाच रोग. मध्य अमेरिकेतल्या बागा त्याने एकामागून एक संपवल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत निर्यात कंपन्यांनी ग्रो मिशेलचा नाद सोडला. जागा घेतली कॅव्हेंडिशने. हे नाव इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या सरदार घराण्याचे. १८३० च्या सुमारास तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसहून आलेली बुटकी केळ काचघरात वाढवली होती. आपली बसराई त्याच बुटक्या कॅव्हेंडिशची.

कॅव्हेंडिशला जुनी बुरशी मारू शकली नाही, म्हणून जग निश्चिंत झाले. पण तैवानमध्ये १९६० च्या दशकाअखेरीस कॅव्हेंडिशही वाळू लागली. या नव्या प्रकाराला टीआर४ म्हणतात. २०१३ मध्ये तो मोझांबिकमध्ये आढळला, २०१९ मध्ये कोलंबियात, २०२१ मध्ये पेरूत. भारतात बिहारच्या कटिहार-पूर्णियातून नोंदी आल्या आणि पुढे सुरत व बुऱ्हाणपूरचीही नावे जोडली गेली. बुऱ्हाणपूर रावेरला लागून आहे. मजूर, अवजारे, वाहनांच्या चाकांची माती यांना राज्याची सीमा ठाऊक नसते. बुरशीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात आणि फवारणीने ती मातीतून हटत नाही. म्हणून झाडातच प्रतिकारशक्ती हवी. ती शोधायची कुठे?

उत्तराची किल्ली मलेशियातल्या पहांगच्या एका रानकेळीत निघाली. तिच्या परागकोशांपासून प्रयोगशाळेत असे झाड तयार केले गेले, की ज्याच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या. त्यामुळे वाचन सोपे झाले. सिराड आणि जेनोस्कोप या फ्रेंच संस्थांच्या नेतृत्वाखाली केळीचा पहिला जनुकसंच २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५२ कोटी अक्षरे आणि साडेछत्तीस हजारांवर जनुके होती. पहांगचे हे झाड टीआर४ला दाद देत नाही, हे विशेष. २०२१ मध्ये काही गुणसूत्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचली गेली.

हा मजकूर हाती आल्यावर वंशावळ उलगडू लागली. कॅव्हेंडिशच्या तीन प्रतींपैकी दोन पूर्व आफ्रिकेत आज पिकणाऱ्या म्चारे केळीच्या गोतातल्या, तिसरी आग्नेय आशियातल्या खाई गटाच्या जवळची. ग्रो मिशेलच्याही दोन प्रती म्चारेच्याच गोतातून आलेल्या. एक संपली म्हणून जिच्याकडे वळलो, ती तिची इतकी जवळची नातेवाईक निघाली! २०२२ मध्ये ज्युली सार्दोस आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक नमुने तपासले, तेव्हा लागवडीच्या केळीत तीन पूर्वज असे आढळले, ज्यांची रानटी झाडे आजवर कुणी ओळखलेली नाहीत. त्यांच्या खुणा थायलंडचे आखात, उत्तर बोर्निओ ते फिलिपिन्स आणि न्यू गिनीकडे निर्देश करतात. तिथली जंगले तुटत आहेत. पूर्वज सापडण्याआधीच नाहीसे होणे अगदी शक्य आहे, आणि हे नुकसान कोणतीही प्रयोगशाळा भरून देऊ शकणार नाही.

रानातल्या जनुकांचे मोल ऑस्ट्रेलियात दिसले. क्वीन्सलँडमधल्या जेम्स डेल यांच्या गटाने मलेशियाकडच्या रानकेळीतले ‘आरजीए२’ हे जनुक ग्रँड नैनमध्ये घातले आणि टीआर४ने ग्रासलेल्या जमिनीत झाडे लावली. तीन वर्षांत एका वंशातले एकही झाड रोगाला बळी पडले नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने या वाणाला मंजुरी दिली. याच संशोधनात असेही दिसले की हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये मुळातच आहे, पण मंद. बाहेरचे काही न घालता तेच जागे करता येईल का, हा पुढचा प्रयत्न. तैवानने वेगळी वाट धरली. टिश्यू कल्चरमध्ये आपोआप घडणारे बदल हेरून त्यांनी टीआर४ला तोंड देणारी कॅव्हेंडिश निवडली. तिचे नाव फॉर्मोसाना.

आतापर्यंत आलेली रानकेळ हे केळीचे एक माहेर, तिचा वाटा ‘ए’. दुसरे माहेर बाल्बिसियाना ही वेगळी रानटी जात. तिचा वाटा ‘बी’ जनुकसंच म्हणून ओळखतात. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी केवळ १५ बाह्य लक्षणांना गुण देऊन वाणांचे ए-बी गट पाडले. डीएनएने ती मांडणी बहुतांशी खरी ठरवली, ही त्यांच्या नजरेची थोरवी. आपल्या वाणांत या ‘बी’चा अंश ठळक आहे. वेलचीत एक ए, एक बी. राजेळी आणि मुठेळीत दोन ए, एक बी. मुठेळीच बंगालात मर्तमान, बिहारात मालभोग, म्हैसूरकडे रसबाळे म्हणून नांदते. आणि जुन्या पनामा मर रोगाने तिला सगळीकडेच गाठले आहे.

‘बी’बरोबर एक पेचही येतो. केळीच्या रेषारोगाच्या विषाणूचे तुकडे तिच्या गुणसूत्रांतच रुतलेले आहेत. पाण्याचा ताण पडला किंवा संकर केला की ते जागे होतात, आणि निरोगी आईबापांचे रोप रोगट निघते. नैरोबीत लीना त्रिपाठी यांच्या गटाने २०१९ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने हे तुकडे निकामी करून दाखवले. त्यामुळे ‘बी’ असलेल्या वाणांचे संकर करण्याची अडलेली वाट मोकळी होऊ लागली.

हे सगळे शक्य होते ते मूळ झाड जिवंत असेल तरच. केळीचे बी कोठारात ठेवता येत नाही, कारण लागवडीच्या वाणांना ते नाहीच. बेल्जियममधल्या ल्युवेनच्या संग्रहात सोळाशेहून अधिक नमुने काचनळ्यांत वाढवले जातात आणि त्यांतले बरेचसे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येही जपले आहेत. तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र असाच संग्रह शेतात राखते. पण वसईच्या वाड्यांतली राजेळी, जिची सुकेळी होते, तिच्या मातीवर आता इमारती उभ्या राहत आहेत. कोकणातल्या परसात मुठेळीचे चार-दोन बुंधे असतात. ते कुणी काढून टाकले तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

महाराष्ट्रात अशा वाणांची नोंद आणि जपणूक करायला लागणारी यंत्रणा आहे. जळगाव आणि नांदेडला केळी संशोधन केंद्रे आहेत, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. पानाच्या एका तुकड्यावरून वाण कोणता हे आता ठरवता येते. त्यामुळे वसईपासून सावंतवाडीपर्यंत वाड्यावाड्यांतून मुनवे गोळा करणे, एकाच वाणाची चार नावे जुळवणे आणि प्रत्येकाचे रोप निदान दोन ठिकाणी राखणे, एवढे काम टीआर४ सीमा ओलांडण्याआधी हाती घेता येईल.