वासेट्ठ सुत्तातील जीवांचे वर्गीकरण

गोंदिया जिल्ह्यातील तलावांच्या काठी व धानाच्या बांध्यांत वावरणारा सारस आपल्या परिचयाचा आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये त्यास शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याची गणना बगळ्यांच्या ‘आर्डिया’ प्रजातीत केली होती. पुढे अभ्यासकांनी त्यास ‘ग्रस’ व नंतर ‘अँटिगोनी’ प्रजातीत घातले. सारस तोच राहिला. माणसाने केलेली मांडणी मात्र पुराव्यानुसार बदलली.

मराठी जीवशास्त्रात ‘स्पीशीज’ यास ‘जाती’ हाच शब्द रूढ आहे. समाजातील जातीलाही आपण तोच शब्द योजतो. या दोन अर्थांची गल्लत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी दूर केली, हे सुत्तनिपात व मज्झिम निकाय या दोहोंत आलेल्या वासेट्ठ सुत्तावरून दिसते.

ब्राह्मणत्व जन्माने येते की कर्माने, असा वाद घेऊन वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण इच्छानंगल येथे भगवंतांकडे आले. भगवंतांनी प्रथम तृण व वृक्ष, मग कीटक-पतंग व मुंग्या, लहानमोठे चतुष्पाद, सर्प, मत्स्य आणि पक्षी असा क्रम लावला. या प्रत्येकात जन्मसिद्ध भेदचिन्ह, म्हणजे पालीतील ‘लिंग’, आढळते. त्यानंतर केसांपासून नखांपर्यंत मानवी देहाचा एकेक अवयव घेऊन त्यांनी दाखविले की, मनुष्यांत असे भेदचिन्ह कोठेही नाही. जो भेद आहे तो ‘समञ्ञा’, म्हणजे व्यवहारातील नाव होय. शेतीवर जगणारा शेतकरी, व्यापारावर जगणारा व्यापारी.

या सुत्तात उत्क्रांतिवाद आहे, असे काही उत्साही लेखक म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. एका जातीपासून दुसरी जाती कालांतराने कशी उद्भवते, हा प्रश्नच येथे नाही. तो लामार्कने १८०९ मध्ये व डार्विनने १८५९ मध्ये मांडला. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त डार्विन व वॉलेस यांचा आहे. तथागतांच्या नावे तो सांगितल्याने धम्माचे मोठेपण वाढत नाही.

सुत्ताचे खरे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. भेद मानावयाचा तर तो देहावर दाखविता आला पाहिजे, ही कसोटी येथे लावली आहे. लिनियसने सर्व मानवांस एकाच जातीत घातले खरे, परंतु खंडानुसार त्यांचे चार प्रकार पाडून प्रत्येकास स्वभावही चिकटविले. ती त्याची चूक होती. डार्विनने १८७१ मध्ये दाखविले की, मानवसमूह एकमेकांत मिसळत जातात व त्यांच्यात ठाम सीमारेषा आखता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच मुद्दा भारतीय समाजास लावला : जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. जे निसर्गाने केलेले नाही, ते माणसांस मोडता येते. म्हणून आपल्या मुलांना शाळेत जीवशास्त्रातील ‘जाती’ शिकविली जाते, तेव्हा घरी त्यांस वासेट्ठ सुत्तही समजावून सांगावे, असे आम्ही सुचवितो.